विंगेतला अर्जदार

अहो, पण ‘मासिक उत्पादन किती’ या चौकोनात प्रॉम्प्टरने लिहायचं काय, तुम्हीच सांगा! योजनेबद्दल माझी तक्रार नाही हं, आपल्या भागातले सर्जनशील उद्योग वाढावेत म्हणून सरकार मदत करणार, कुंभारांना, बाहुल्यावाल्यांना, विगवाल्यांना, करू दे की, छानच आहे! पण विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला वाक्य पुरवणारा माणूस, म्हणजे मी, सव्वीस वर्षं हेच करतोय, तर माझं उत्पादन काय? किलोत सांगू की मीटरमध्ये? खिडकीवर विचारलं तर कारकून खेकसला, “काका, मागे रांग बघा!” म्हटलं, चिडू नका हो, माझं आपलं साधं कुतूहल!

आणि तुम्हाला सांगतो, अर्ज काही हौसेने केला नव्हता. आमच्या मॅनेजरने कानात घालायची यंत्रं बघून ठेवलीयत, शेंगदाण्याएवढी! त्यात अख्खं नाटक भरलेलं, नट थांबला की यंत्र पुढचं वाक्य सांगतं म्हणे. मी विचारलं, “आणि नट रडायला थांबला असेल तर? यंत्राला कळणार कसं, अडलाय की रडतोय?” मला कळतं ना! आमचे नायक अडले की उजवा अंगठा बोटावर घासायला लागतात... सव्वीस वर्षं त्या अंगठ्याकडे बघतोय मी, एवढं तर बायकोच्या तोंडाकडेही बघितलेलं नाही! मॅनेजर म्हणाला, “सरकारी यादीत नाव आलं तर तुम्हाला काढायची माझी काय बिशाद! नाही आलं तर... बघू.” हे ‘बघू’ कळलं ना तुम्हाला?

मग काय, बसलो अर्ज भरत. ‘काम करतानाचा फोटो जोडा.’ जोडला. काळा पडदा आणि त्यातून बाहेर आलेलं एक कोपर! आमची ही चष्मा लावून बघते आणि म्हणते, “अहो, कोपर तरी तुमचंच आहे ना?”

तर पाहणीला आल्या एक मॅडम. तरुण, हसऱ्या, तिसऱ्या रांगेत वही उघडून बसलेल्या. दुसऱ्या अंकात नायक थांबले, अंगठा फिरला, मी दोन शब्द सोडले, त्यांनी उचलले, टाळ्या! माझी छाती ही एवढी फुगली. नाटक सुटल्यावर मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही काम कधी केलंत?”

“आत्ता केलं की!”

“पण मला ऐकू नाही आलं.”

“अहो, तेच तर काम!”

मॅडमनी पेन चावलं. बाई प्रामाणिक हो... म्हणाल्या, “एकदा जरा मोठ्यांदा करून दाखवता का? अहवालापुरतं?” म्हटलं, मॅडम, मोठ्यांदा केलं तर नटही घरी जाईल आणि मीही! त्यांनी लिहिलं, ‘प्रत्यक्ष काम आढळून आले नाही.’ मी वाकून वाचलं ना! माझं आपलं साधं कुतूहल!

आता पुढची गंमत ऐका. यादी जाहीर करायचा समारंभ आमच्याच थिएटरात! मी सवयीने विंगेत. योजनेचे मोठे साहेब माइकपाशी गेले, कागद उघडला, खिसे चाचपले... चष्मा गाडीत! सभागृह गच्च, साहेब गप्प, आणि काय सांगू, त्यांचाही अंगठा फिरायला लागला हो! विंगेत मॅडम रडकुंडीला, यादीची दुसरी प्रत माझ्या हातात कोंबली, “काका, करा काहीतरी!” मी एक नाव सोडलं. साहेबांनी म्हटलं. टाळ्या! दुसरं सोडलं, दुसरं म्हटलं. सतरा नावं, साहेब असे सुरात आले की मधेमधे हातवारे!

सतरावं झालं आणि यादी संपली. माझं नाव त्यात नव्हतं. कागद उलटून मागची बाजूही बघितली, कोरी! आणि साहेब आपले कान माझ्याकडे करून उभे... “आणि...?” अहो, मी काहीही म्हटलं असतं तरी तो माणूस बोलला असता! मॅडम माझ्याकडे बघतायत, खुर्चीवरून मॅनेजर बघतोय, एक नाव, दोन सेकंदांचं काम, नोकरी वाचली असती. पण सव्वीस वर्षांत कागदावर नसलेला एक शब्द माझ्या तोंडातून विंगेत निघालेला नाही. शेवटी छापलं होतं ते सोडलं, “धन्यवाद.”

“धन्यवाद!” साहेब गरजले. खाली उतरून मॅडमना म्हणतात कसे, “बघितलंत? सगळी नावं पाठ होती माझी!”

घरी ही म्हणाली, “एवढी लोकांची नावं घेतलीत, स्वतःचं घ्यायला काय झालं होतं?” म्हटलं, कागदावर नव्हतं. तिने ताट वाढलं.

पहिल्या तारखेपासून शेंगदाणे येतायत. येऊ देत. फक्त एकच विचार डोक्यातून जात नाही हो... माझं नाव सोडलं असतं, तर ते साहेबांना नीट ऐकू गेलं असतं का? माझं आपलं साधं कुतूहल!