पद्मासाठी बत्ती

हॅलो?... हॅलो, कोण?... जयसिंगपूरचा ट्रंक कॉल? व्हय व्हय, जोडा की ताई, बहीण हाय माझी!

पद्मा? बोल गं, आक्काच बोलतीय... दुकानातनंच. हे गिऱ्हाइकाला साज दाखवालेत. बोल तू.

काय?... बत्ती पाठवू नको? का गं?... अगं, काचेचे मणी करायचेत म्हणून संक्रांतीपासनं माझं डोकं खाल्लंस. "आक्का, काच वितळवायला नवशिकीनं कुठली बत्ती घ्यावी, गुजरीतल्या सोनारांना इचार." आणि आता नको?

व्हय... व्हय... कुणी आणली?... वसंतरावांनी? पंप मारून पेटवायची, पितळेची? आत्ता गं बया! मला इचारायचं तरी!... न्हाय, पावण्यांना बोलत न्हाय मी. बायकोसाठी हौसेनं आणली त्यांनी. पण ती पेटली की स्टोव्हसारखीच फुरफुरती की गं...

पद्मा?... रडालीस?

अगं ऐक ना. ती पेटताच कोपऱ्यात जाऊन बसलीस, मग काय झालं? बसणारच. स्टोव्हचा भडका तुझ्या अंगावर उडाला, पावण्यांच्या न्हाय. अख्खा हात भाजला. वर्ष उलटलं तरी काडी ओढत न्हाईस, ठाऊक हाय मला... कुणी सांगितलं म्हणजे? तुझ्या सासूबाईंनी. तक्रार न्हाय गं, काळजीनं म्हणाल्या.

म्हणूनच ती बत्ती नको. मी दुसरी ठरवलीय.

मला काय कळतंय? वा गं वा! सगळ्या पेटवून बघितल्यात मी. स्वतः!... व्हय, ह्या वयात. ह्यांनी कपाळाला हात लावला. पयली ती सिलिंडरची, वेल्डिंगवाल्याकडची. एवढा जाळ, की काच धरली न धरली तोवर पाण्यागत टपकली. आणि माझी डावी भुवई गेली... गेली म्हणजे जळाली! आता रोज काजळानं काढती... हस, हस.

मग ह्यांची फुंकणी. दिव्यावर तोंडानं फुंकायची, सोनाराची. जाळ बारीक, गुणाचा. पण एक हात फुंकणीला अडकला, मग मण्याची तार कुणी फिरवायची नि काच कुणी धरायची? आणि दिव्याला फुंकर मारायची म्हटल्यावर माझा गालच फुगंना. लहानपणी मारली तर आईनं काय बदडलं होतं, आठवतंय न्हवं?

तर ही तिसरी. ऐकतीयास? जाड वातीचा दिवा, टेबलाला पक्का बसवलेला. मागनं पितळी नळी, नळीला पायानं दाबायचा भाता. पाय दाबला की जाळ लांब. पाय उचलला की देवापुढचा दिवा. दोन्ही हात मोकळे. पंप न्हाय, फुटायला टाकी न्हाय... आणि रॉकेल बी न्हाय, पद्मा. गोडंतेल. वास आलाच तर भज्यांचा येईल.

केला की मणी! तारेला शाडूचा लेप दिला, वर काच गुंडाळली, मग गरम राखेत ठेवला, तडकू नये म्हणून... वाळक्या वांग्यागत झालाय. पण मणीच हाय!

जाळ मंद? व्हय, मंदच. वेळ लागतोय. लागू दे की, तुला कुठं गाडी पकडायची हाय?

हात?... पदराखाली झाकून झाकून आखडून जाईल तो. बोटं चालती ठेवा, असं डॉक्टरच म्हणालेत न्हवं? मग तार फिरव की. त्याला किती जोर लागतोय?

बरं, एक सांग. फुटून वाढलेल्या काकणांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून साखळ्या करायचो, आठवतंय?... मी कुठं असायची? दाराआड! "पद्मा, भाजेल गं, भाजेल गं." आणि तू एवढीशी चिमुरडी, जीभ बाहेर काढून जाळात तुकडा धरून बसायचीस. त्या साखळ्यांचं तोरण अजून हाय. इथंच, दुकानातल्या देवावर टांगलंय.

तू धीट, मी भित्री. त्या मेल्या स्टोव्हनं सगळं उलटंपालटं केलं. मला न्हाय चालत ते. माझी धीट बहीण मला परत पायजे.

...बरं, बरं. डोळे पूस. कुठनं बोलतीस?... शेजारी, शालूबाईंच्या घरनं? दिवेलागण झाली की. त्यांचा देवापुढचा दिवा लागला का?... लावणारच हाईत? थांब! काडेपेटी तू घे त्यांच्याकडनं.

अगं ऐक ना... व्हय, आत्ताच... मी लांब हाय ते कळतंय मला. तवा बी दाराआडच होते की! तरी केलंस न्हवं?

फोन शालूबाईंकडं दे... नमस्कार शालूबाई. मी थोरली. फोन तिच्याजवळ धरा, बास. तिचा हात धरू नका. काडी तिला ओढू द्या.

...कळलं ताई, कॉलची वेळ संपली. वाढवा की! वाढवा अजून!

काय झालं?... मोडली? मोडू दे. दुसरी घे म्हणावं.

...

अहो, त्या गिऱ्हाइकाला जरा गप्प करा! काय बी ऐकू येईना.

...

ओढली! अहो, ओढली तिनं! कानानं ऐकली मी!... पद्मा? वातीला लागली?... लागली! मग काडी अजून हातात कशाला? टाक गं बाई! भाजेल गं, भाजेल गं!

...काय हसतीस?... व्हय, भित्रीच हाय मी. तशीच राहणार. उद्याच्या एस्टीनं येतीय, भाता मांडीवर घेऊन. आणि पावण्यांना सांग... हॅलो?... पद्मा?... हॅलो?

अहो, कट झाला.

...रडत न्हाय हो. भुवईचं काजळ गेलं डोळ्यात.