कुलपातलं बिऱ्हाड

(घराच्या दोन भागांमधलं बंद दार. एका बाजूला थोरली जाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटी.)

थोरली : किल्ली आत जात नाही म्हणजे काय? दोन वर्षांत गंजलं की काय कुलूप?

धाकटी : गंजलं नाही, भरलंय. आधी किल्ली मागे घ्या बघू. आत माशीची पोरं आहेत.

थोरली : कुलपात?

धाकटी : मधमाशी आहे, एकटी राहणारी. ना पोळं, ना राणी. पानांच्या चकत्या आणते, खोली करते, पराग भरते, अंडं घालते, वर पुन्हा चकत्यांचं बूच. चार दिवस बघतेय मी.

थोरली : म्हणजे माझ्या गुलाबाची पानं कातरणारी ही! आणि मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते.

धाकटी : सवय आहे मला.

थोरली : त्यापेक्षा माझी निळी फुलपाखरं बरी. नखाएवढी. कुंडीतल्या तणावर बसतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

धाकटी : हो ना. अंडं घातलं की मोकळी. अळ्या सांभाळायला मुंग्या आहेतच.

थोरली : अळी गोड रस देते त्यांना. फुकट नाही राबत.

धाकटी : नशीबवान मुंग्या. मी नऊ वर्षं राबले तुमच्या स्वयंपाकघरात. माझं गोड शब्दावरही भागलं असतं.

थोरली : म्हणून दार लावून बसलीस, या तुझ्या माशीसारखी.

धाकटी : किल्ली कुणाकडे आहे, ताई?

थोरली : ...माझ्याकडे.

धाकटी : मग? आजच कशी आठवली?

थोरली : परवा गुडघ्याचं ऑपरेशन आहे. कुंड्यांना पाणी घालायचं, आणि ते तण तेवढं उपटू नकोस.

धाकटी : एवढंच?

थोरली : सोबतीला कोण येणार, असं विचारलं दवाखान्यात. घरात मी एकटी. म्हटलं, बघते.

धाकटी : मग बघितलंत?

थोरली : तेच तर बघतेय इथे उभी राहून. सुईनं उकरू का जरा?

धाकटी : हात लावू नका. महिनाभरानं निघतील आपसूक.

थोरली : महिनाभरानं मी चालायलाही लागेन.

धाकटी : रस्त्यावरून वळसा घालून या ना मग.

थोरली : या गुडघ्यानं? बारा पायऱ्या आहेत तुझ्याकडे.

धाकटी : बसा तिथेच. मी येते.

थोरली : बेल वाजवत बसू नकोस. कडी काढून ठेवते.