घरी येण्याचं बटन

— नाय नाय, लग्नाच्या शूटिंगचं ड्रोन नको, भाऊ. ते पांढरं ठेवा आत. समुद्रावर चालणारं दाखवा. व्हय, समुद्रावर! संभाजीनगरात कुठं आला समुद्र म्हणाल — मला नकोय, वळखीच्या एका माणसाच्या पोरीला पायजे. कोकणात अभ्यास करती ती. खाडीतलं कांदळवन किती वाढलं, किती तुटलं, किनाऱ्यावर कासवांची घरटी कुठं — समदं वरून टिपायचं. म्हणून वाऱ्याला टिकणारं पायजे. खाऱ्या हवेत मोटर गंजाया नको. वाळूत उतरवलं की बिघडतं, तवा हातावर झेलता येईल असं हलकं पायजे. अन् घराची जागा बदलता आली पायजे, ते तर लई महत्त्वाचं. घर म्हणजे? आवो, हे जिथून उडतं ते ह्याचं घर. बटन दाबलं की तिथंच येतं. पण ती उडवती होडीतून, अन् होडी तर तवर पुढं गेलेली असती. घर हललं हे ह्याला सांगावं लागतं — नायतर येतं आपलं जुन्या जागेवर अन् उतरतं पाण्यात. मला कसं म्हाइती? माझीच पोरगी हाय, भाऊ. श्रेया. तुमच्यापासून काय लपवायचं.

हाय तिच्याकडं ड्रोन. म्हणजे — होतं. हेच, असंच राखाडी. काय झालं, पुतण्याचं लग्न होतं, इंद्रजीतचं, अजिंठ्याकडं आमच्या गावी. भावकी बसलेली. एक जण म्हणतो, काकासाहेब, पोरगी अजून खेकडेच मोजती का? समदे हसले. अन् मी — मी बी हसलो. ती मागंच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. चहा दिला अन् गेली. लई शरम वाटली, भाऊ, पण हसलो ते हसलो. मग म्हणलं दाखवू यांना, काय चीज हाय पोरीकडं. तिला न इचारता बॅगेतून काढलं. वाळूजला कंपनीत जिंदगी मशिनीवर गेली माझी, मला कोण शिकवणार! नवरदेवाच्या जीपच्या बोनटवरून उडवलं. वरात निघाली — पोरं नाचायलेली, भावकी माना वर करून बघायलेली — छाती अशी फुगली म्हणून सांगू! मांडवाशी आलो अन् दाबलं बटन. ते गेलं की मागं! जीप निघाली होती तिथं, गावाबाहेरच्या रस्त्यावर, शहाण्यावानी उतरलं. अन् मागून मक्याची ट्रॉली आली. ते होडीचं तिनं मला आधीच सांगितलं होतं, भाऊ. जेवताना, चांगलं समजावून. मी हां हां करत टीव्ही बघत होतो.

तुकडे तसेच डब्यात घातले अन् डबा कपाटावर ठेवला. रविवारी निघती ती. तिनं उघडायच्या आत असंच दुसरं ठेवून द्यायचं, बस. भ्याड म्हणा मला, पण तोंडावर कसं सांगू? चार लोकांत तिला हसलो, अन् वरून हे.

काय झालं? असं का बघता? व्हय, श्रेयाच नाव. आता खाली कशाला वाकलात — आवो, रिपेरीतलं नको, मला नवं — थांबा. जरा उलटं करा. हे पोटावरचं कासवाचं स्टिकर — हे तर तिनंच चिकटवलेलं. तुमच्याकडं कसं? डबा तर कपाटावरच — म्हणजे रिकामाच हाय म्हणायचा. कधी आणलं तिनं? परवा? परवा तर हसत जेवायला बसली माझ्यासंगं. अन् — कसं मोडलं म्हणाली?

तिच्याच हातून पडलं म्हणाली?

नाय, पाणी नको. ते नवं ठेवून द्या आत. अन् हे नीट झालं की मला फोन — नाय, तिलाच करा. मी घरी जातो.