खाली मारणारी बंदूक

बंदूक बिघडलेली नाही, कर्टिस. नळीतून बघून झालं, टोकावरचा नेमाचा मणी सरळ आहे, दस्त्याला तडा नाही — आणि तुझ्या बापाची बंदूक मी ओळखत नाही का? ऑर्व्हिलने चाळीस वसंत हिनेच टर्की पाडले, तेव्हा कधी नेमाच्या खाली मारली नाही हिने. मग आताच का मारायला लागली? तूच सांग. नाही, मणी बदलून काही होणार नाही. दुकान माझं आहे, बदलायला मला काय, विकायचाच आहे तो — पण होणार नाही. काडतूस कुठलं घातलंस? साडेतीन इंची, सगळ्यात जड. बरं. किती? आठ. एका दुपारी आठ, खुर्चीवर बसवून, पुठ्ठ्यावर. आणि तुझ्या मार्लीचं वय काय रे, दहा ना? कानाला काही लावलंस? कापूस. बरं.

हळू बोलते, थांब. ती कोंबड्यांच्या पिल्लांपाशी आहे तोवर तिथेच राहू दे. खांदा दुखतो का विचारलंस तिला? दुखत नाही म्हणाली. विचारलंस कसं पण? "दुखत नाही ना?" असंच ना — मग दुसरं काय म्हणेल ती? तुझ्या तोंडाकडे बघूनच उत्तर दिलं असेल. मघाशी मी सरकीच्या पेंडीचं पोतं खाली टाकलं, तर तिचा उजवा खांदा वर गेला. फक्त उजवा. चल मागे, टेकाडाच्या बाजूला. मार्ली, पोरी, ते पिल्लू ठेव खाली, हात पुस, आणि हे कानावर चढव. आवाज अडवतं ते. तुझा बाप कापूस घालतो, त्याला राहू दे कापूस.

हं. उभी राहा. डावा पाय पुढे, नाक पायाच्या बोटांच्याही पुढे जाऊ दे, कुणाला ढकलायचं असल्यासारखी वाक — मागे नाही रेलायचं, मागे रेललं की बंदूकच ढकलते. कर्टिस, दस्ता बघ, तिच्या काखेत शिरलाय, तिच्या हातापेक्षा लांब आहे. असू दे. काडतुसं मी भरते. हलकीच आहेत गं, मी स्वतः भरलेली. मार. — छान. पुन्हा. — हं. आवाज झाला का? नाही झाला. त्यात दारूच नव्हती, छर्रेही नव्हते, नुसतं टरफल. मुद्दाम घातलं होतं. आणि नळी कुठे गेली, कर्टिस? पार खाली, त्या बादलीपर्यंत. धक्का बसायच्या आधीच डोळे गच्च मिटलेले. ही तुझी खाली मारणारी बंदूक. तुझं काही चुकलं नाही गं, रडू नकोस, सगळ्यांचं होतं. जा, पिल्लांना पाणी घाल, निळ्या डब्यात आहे.

तू बस त्या पेटीवर. शनिवारी तिचा शिकारीचा पहिला दिवस, ठाऊक आहे मला — पोरांना मोठ्यांच्या आधी दोन दिवस मिळतात, आणि तुला वाटतं पहिल्याच सकाळी टर्कीचा नर पडला पाहिजे, आजोबांच्या बंदुकीने, म्हणजे फोटो बरा येईल. मलाही वाटायचं. आपल्याकडे कसं असतं, ईस्टरचं जेवण झालं, डुकराची मांडी संपली, की पुरुष मंडळी पोराला घेऊन गोठ्यामागे जातात, न सांगता सगळ्यात जड काडतूस घालून बंदूक हातात देतात, पोर मागच्या मागे बसतं, सगळे हसतात, मग त्याच्याशी हात मिळवतात. बसवलं म्हणतात त्याला. ह्या वर्षी कुणाला बसवलं, असं चर्चच्या पायरीवर विचारतात. मला अकराव्या वर्षी बसवलं. आमच्या पोराला, वेंडेलला, नवव्या.

माझा नवरा, हार्लन, मला म्हणाला, ओलेटा, जरा जड भर. काडतुसं घरात मीच भरायचे, त्याचे हात थरथरायचे. आणि मी — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही कशाला सांगतेय कुणास ठाऊक — तो म्हणाला त्याहून जास्त भरलं. का? मला बसवलं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही, खूप शोधलं मी. पोरगं उताणं पडलं, ओठ फुटला, आणि उठून म्हणालं, पुन्हा मारू का? सगळ्यांना केवढं कौतुक. मीही हसले. तुझा बाप होता तिथे, त्यानेच त्याला उचललं.

त्यानंतर वेंडेल अकरा वर्षं हार्लनबरोबर टर्कीच्या शिकारीला गेला. एकही मारला नाही. आज आलाच नाही, आज झाडाआड होता, आज उडाला — रोज काहीतरी. हार्लन न्हाव्याकडे सांगायचा, माझ्या पोराचं नशीबच फुटकं. शेवटी त्याने स्वतःची जागा दिली त्याला, ओढ्यावरचा ओक, जिथे वीस वर्षं कुणाला बसू दिलं नव्हतं. तिथेही काही नाही. मग हार्लन गेला, वेंडेल टल्सा शहरात राहायला गेला, मी त्याची खोली आवरायला घेतली. कपाटात काडतुसांची अकरा खोकी. दर वसंतात मी भरून द्यायचे ती, माझ्याच अक्षरात साल लिहिलेलं. एकही उघडलेलं नाही. रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बसायचा, कर्टिस. बापाच्या ओकाखाली, समोरून नर पिसारा फुलवून जातायत, आणि हा नुसता बघतोय. त्याला बापाबरोबर जायचं होतं, बंदूक नको होती. आणि हार्लन त्याचं नशीब फुटकं आहे असं समजूनच मेला. मला अजून लाज वाटते. फोनवर बोलतो आम्ही, हवापाण्याचं. ते नाही बोललो कधी.

तर हे बघ. ही दुसरी बंदूक, वीस बोअरची, काडतूस लहान पण जरा वजनदार आहे — हलकी बंदूक पोरांना बरी हे तुम्हाला कोण सांगतं, हलकीच जास्त लाथ मारते. दस्ता मी कापून ठेवलाय, मागे रबराची गादी आहे. तिपाईवर टेकवून चालवायची. सराव ह्या हलक्या काडतुसांनी, दिवसाला पाच, पाचच, आणि खरं जड एकच, ते नर समोर आल्यावर. तेव्हा धक्का कुणाला कळत नाही. शनिवारी नाही जमलं तर रविवारी, रविवारी नाही तर पुढच्या वसंतात. विकत नको घेऊस, मोसमभर घेऊन जा.

काय म्हणतोस, बापाची बंदूक आहे, आमच्या घरात सगळे हिच्यावरच शिकले? बरं. मग तू धर. हो, तूच. मार्ली, कानावर घे ते पुन्हा, आणि इकडे माझ्यामागे उभी राहा. तीन काडतुसं घालते, कर्टिस, तिकडे बघ, माझ्या हाताकडे नाही. पुठ्ठ्यावर नेम धर. हं. — बरं. — हं. — नुसतं टिक झालं, तिसरं रिकामं टरफल होतं. आणि नळी त्याच बादलीत. डोळे मिटले होते तुझे. ऊन आलं डोळ्यावर? आज ऊन कुठाय. तुलाही त्याच गोठ्यामागे बसवलं होतं ऑर्व्हिलने, कोवळा होतास, आठ वर्षांचा, मी केक घेऊन उभी होते. तुझ्या हातून एवढ्या वर्षांत किती टर्की पडले ते मी विचारत नाही. मला विचारायचं नाही.

तिने मात्र विचारलं. ऐकलंस ना? मी ऐकलं. बाबा, तुम्हालापण दुखतं का, म्हणाली ती. माझ्याकडे काय बघतोस? मी आत जाते, दुकानात कुणीतरी आलंय. तिला सांग.