काजळदऱ्याची मुकी शाळा

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई नको — आपल्याला घाई फक्त प्रसादाची!

माठ विकत घेताना काय करता? टिचकी मारता. खणकन वाजला की घेता. नारळ? कानाशी धरून हलवता. कलिंगडाला थाप मारता. मग मला सांगा — गावची शाळा चांगली का वाईट, हे कशावरून ओळखायचं? तिला टिचकी मारायची कुठं?

ते खांबाजवळचे पाव्हणे हसले बघा! हसा, पण बोला की. रंगावरून? पोरांच्या गळ्यातल्या टायवरून? मास्तरच्या छडीवरून? नाही ना सांगता येत! मग चित्त इकडं द्या. आणि पखवाजवाले — तुम्ही जरा हात आवरा. ही गोष्ट आवाजाची आहे, आणि तिच्यात आवाजच नाही!

उबाळेसाहेब नावाचे एक अधिकारी होते. रंगनाथ उबाळे. पंचायत समितीत, शिक्षण खात्यात. काम काय, तर तालुक्यातल्या शाळा तपासायच्या आणि शेरा द्यायचा — अ, ब, क, नाहीतर ड. माणूस वाईट नव्हता बरं का! कुणाच्या घरची कोंबडी खाल्ली नाही, कुणाचं पाकीट घेतलं नाही. अहंकार एकच — कानाचा!

"मला शाळेत शिरावं लागत नाही," म्हणायचे, "शंभर पावलांवरून कान दिला की शाळा कळते!"

जीप थांबवायची. इंजिन बंद. डोळे मिटायचे. आतून पाढे गर्जत आले — अ! कुजबुज आली — ब! दंगा आला — क! आणि काहीच नाही आलं तर? ड! मुकी शाळा म्हणजे मेलेली शाळा. असा त्यांचा हिशेब!

आता काजळदरा. डोंगराच्या बगलेत पंचवीस-तीस घरांची वाडी. एक खोली, एक मास्तर, तेवीस पोरं. मास्तरांचं नाव धादवड गुरुजी. अंगानं वाळल्या शेंगेसारखे! आदल्या साली उबाळेसाहेब तिथं गेले होते. तिसरीतल्या एका पोरीला उभं केलं. चांगुणा तिचं नाव.

"तेरा सातं किती?"

पोरगी गप्प.

"तेरा सातं!" साहेब गरजले. कौलं हादरली! पोरगी थरथर कापतेय, पण तोंडातून शब्द नाही.

झालं! शेरा पडला — ड. गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, पुढच्या साली पुन्हा ड आला तर शाळा बंद होईल. दुसरी शाळा ओढ्यापलीकडं, दोन कोस. पोरी घरी बसतील हो!"

"मग पोरांचं तोंड उघडा," साहेब म्हणाले, आणि जीप धुरळा उडवत गेली.

वर्ष गेलं. फाल्गुन सरत आला. भर दुपारची वेळ. बारा! आपल्याकडं जुनी माणसं काय सांगतात? रात्रीच्या बाराइतकीच दुपारच्या बाराला भीती. सावली पायाखाली शिरते. पाखरू बोलत नाही. त्या वेळेला साहेबांची जीप वरच्या डोंगरवाटेनं येऊन काजळदऱ्याच्या आंब्याखाली थांबली. इंजिन बंद. डोळे मिटले. कान दिला.

काही नाही!

पाढे नाहीत, कविता नाही. पोराचं खोकणं नाही. पाटीवर पेन्सिलीची चरचर नाही.

रज्जाकभाई म्हणून ड्रायव्हर होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, सुट्टी असंल."

"बुधवारी कसली सुट्टी?" साहेब उतरले. मनात म्हणाले, यंदा काम सोपं झालं!

दारात गेले आणि थबकले. दाराबाहेर चपलांची रांग. तेवीस जोड! ओळीनं, टाचेला टाच लावून. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाला तारेचा टाका. तेवीस जोड बाहेर आहेत — म्हणजे तेवीस पोरं आत पाहिजेत का नको? तुम्हीच सांगा!

साहेब आत गेले. आत कुणी नाही.

दप्तरं आहेत. पाट्या आहेत. एक पाटी उचलली. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न. पुढं काही नाही. दुसरी उचलली — तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न. तिसरी — बावन्न! सगळ्या मोठ्या पोरांचे हात एकाच आकड्यावर थांबलेले. टेबलावर गुरुजींचा चष्मा — पडलेला नाही हं! नीट मिटून ठेवलेला. पडवीत चुलीवर खिचडीचं पातेलं, खाली विस्तव जिवंत, झाकण थडथड उडतंय. तेवढाच काय तो आवाज!

आणि समोरची भिंत. भिंतीवर लांबलचक फिकट चौकोन. दोन खिळे. फळा नाही! अहो, चोर आला तरी पातेलं नेईल. शाळेचा फळा कोण नेतो?

"कोण आहे का?" साहेबांनी हाक मारली. स्वतःचाच आवाज कौलांवर आपटून परत आला. साहेब घाबरले. आता मंडळी, घाबरलेला माणूस काय करतो? ज्याला जे येतं ते करतो. बाई देवाचं नाव घेते, गडी काठी शोधतो. आणि साहेब? साहेबांनी तपासणीचा कागद काढला! गुरुजींच्या खुर्चीत बसले आणि पक्क्या शाईत लिहिलं — शिक्षक गैरहजर, विद्यार्थी गैरहजर. शेरा: ड.

शाळा गेली. एका अक्षरात गेली!

बाहेर आले तर समोरच्या खोपटाच्या दारात एक म्हातारी. ठकूबाई. सगळी वाडी मोहाची फुलं वेचायला रानात गेलेली, मागं ही एकटी. खांबाला मिठी मारून बसली होती.

"आजी, शाळेतली पोरं कुठं गेली?"

म्हातारीनं मान हलवली. "पोरं न्हाई बाबा. पालखी व्हती ती."

"कसली पालखी?"

"वेताळाची." म्हातारीनं खांबाची मिठी आणखी घट्ट केली. "रातची जाती म्हनत्यात. म्या भर दुपारी पाह्यली. म्होरं काळी फळी. फळीवर मानूस निजलेला, वर पांढरं फडकं. पोरी बराबर — केस मोकळे सोडलेल्या! पायात काय न्हाई. तोंडातून सबुद न्हाई. मढं नेताना बी मानूस राम म्हनतो रं बाबा. ह्यांच्या तोंडी राम बी न्हवता!"

"कुठं गेली?"

म्हातारीनं बोट केलं. खालच्या सडकेकडं जाणारी गाडीवाट. आणि वाटेवरच्या फुफाट्यात — पावलं. अनवाणी. एवढी एवढी. दोन ओळींत, टाचा खोल रुतलेल्या. काहीतरी जड नेलेलं. आणि त्या सगळ्या पावलांत मोठ्या माणसाचं पाऊल एकही नाही!

रज्जाकभाई म्हणाले, "साहेब, मागं फिरू."

साहेबांना सुद्धा तेच म्हणायचं होतं. पण तेवीस चपलांची रांग डोळ्यांपुढून हलेना. "चल," म्हणाले, "पण हळू."

जीप पावलांमागं निघाली. थोडं गेल्यावर धुळीत एक लांबट चौकोन उमटलेला. जणू काही टेकवलं आणि परत उचललं. पुढं पावलं. पुन्हा चौकोन. पुन्हा पावलं. प्रत्येक वेळी अंतर सारखंच! साहेबांचे ओठ हलत होते. कुठला मंत्र म्हणत होते, त्यांचं त्यांना ठाऊक.

खिंडीचं वळण आलं. आणि मंडळी — दिसली!

काळी फळी खांद्यांवर. इकडून चार, तिकडून चार. बाकीची मागं, लहानग्यांनी एकमेकांचे हात धरलेले. मोकळे केस वाऱ्यावर. पांढरं फडकं. आणि सगळी हळू, हळू, एकाच तालात चाललेली. पायांचा सुद्धा आवाज नाही!

रज्जाकभाईंनी जीप बंद केली. साहेब खाली उतरले. छातीत हवा भरली. ओरडणार — थांबा! — तेवढ्यात फळीच्या डोक्याशी चालणारी पोरगी वळली. केस तोंडावर आलेले. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा आवाज घशातच राहिला.

आणि मग त्या शांततेत, ज्या कानाचा त्यांना एवढा गर्व, त्या कानाला एक कुजबुज ऐकू आली —

"...अकरा, बारा, तेरा. तेरा सातं एक्क्याण्णव. टेकवा."

फळा खाली टेकला. अलगद. चांगुणा होती ती! तेरा पावलं झाली की खांदा बदलायचा. सात वेळा बदलला की टेकवायचं, श्वास घ्यायचा. पुन्हा उचलायचं. तेराचा पाढा पाटीवर बावन्नाला थांबला होता मंडळी, तो वाटेवर पुरा चालला होता!

साहेब जवळ गेले. पांढरं फडकं म्हणजे सरस्वतीच्या तसबिरीखालचं कापड, उन्हासाठी धरलेलं. त्याखाली धादवड गुरुजी. डोळे उघडे. ओठ सुकलेले. उजव्या पायाला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या, आणि त्या बांधल्यात — लाल रिबिनींनी. पोरींच्या वेण्यांच्या रिबिनी! केस मोकळे का होते, कळलं का आता? आणि पायात चपला का नाहीत, तर त्या वाजतात, अडखळवतात!

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. ओरडून नाही हं. कुजबुजत!

"घोणस," चांगुणा म्हणाली. "जळण काढताना. वाडीत मोठं मानूस कुनी न्हाई. फोन लागत न्हाई. म्हनून सडकेवर नेतोय."

"मग धावत का नाही आलात? ओरडायचं, हाका मारायच्या..."

"न्हाई साहेब. साप चावलेल्या मानसाला हलवायचं न्हाई, चालवायचं न्हाई. त्याच्याजवळ रडायचं न्हाई. त्यो घाबरला की काळीज धावतं. काळीज धावलं की इख धावतं." मग पोरगी खाली बघत म्हणाली, "माझा बा पळाला व्हता. वाटंतच गेला. तवापासनं गुरुजी दर शनवारी आमच्याकडनं हे करून घ्येतात."

साहेबांनी स्वतः फळ्याला खांदा दिला. मधली बाकं वर दुमडली, गुरुजींना फळ्यासकट जीपमध्ये आडवं केलं. मागचं दार लागलंच नाही, ते दोरीनं बांधलं. चांगुणा डोक्याशी बसली, हात गुरुजींच्या छातीवर. बाकीची बावीस पोरं वाटेच्या कडेला उभी. रडणं नाही, हाक नाही, मांजराच्या पिल्लांसारखी नुसती टकमक बघतायत.

जीप निघाली. वळणाआड गेली. आणि मग —

मग मंडळी, मागून आवाज आला! बावीस पोरांनी एकदम हंबरडा फोडला. गुरुजींना ऐकू जाणार नाही एवढं अंतर पडेपर्यंत त्या लेकरांनी रडू दाताखाली धरून ठेवलं होतं! पण उबाळेसाहेबांचा कान! शंभर पावलांवरून त्यांनी ते ऐकलं. आणि त्या दिवशी त्यांना खरंच शाळा कळली.

दवाखान्यात सुया टोचल्या, औषध चढलं. डॉक्टर बाहेर आल्या. "पायाला दोरी करकचून आवळली असती तर पाय काळा पडला असता. चालत आले असते तर मग माझ्याकडं आणून उपयोग नव्हता. ह्या पट्ट्या कुणी बांधल्या?" साहेबांनी बोट केलं. पोरगी बाकावर पाय हलवत बसली होती. अनवाणी. डॉक्टर म्हणाल्या, "आणि गुरुजींच्या सदऱ्याला पाठीवर हे काय? खडूचे आकडे दिसतायत. उलटे."

तेराचा पाढा होता तो. फळ्यावरचा पाठीवर उतरलेला!

साहेब पोरीशेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "चांगुणा, तेरा सातं गेल्या साली येत होतं का गं तुला?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. खरं ते सांगावं तसं म्हणाली, "तुमी वरडला साहेब. वरडलं की काळीज धावतं."

विठ्ठल, विठ्ठल! ह्याच्यापुढं पोथी ती काय वेगळं सांगणार?

गुरुजी वाचले. पाय थोडा ओढतात, पण शाळा चालवतात. त्या रात्री साहेबांनी खिशातला कागद काढला. ड वाळला होता, पण कागद फाडता येतो की! फाडला. दुसरा घेतला. रकाने बघितले — भिंतींना रंग आहे का, बाग आहे का, पाढे मोठ्यानं म्हणतात का. सगळे रकाने धुंडाळले, पोरांनी केलेलं लिहायला जागाच नाही! शेवटी खाली कोपऱ्यात लिहिलं — 'शाळा शांत आहे. मी चुकलो होतो. शेरा: अ.' वरून विचारणा झाली. साहेब स्वतः गेले, सगळं सांगितलं. शाळा राहिली! आणि त्यानंतर साहेबांनी कुठल्याच शाळेपुढं डोळे मिटले नाहीत. चपला बाहेर काढून आत जायचे, आणि पोरांत खाली बसायचे.

आता तुमच्याकडं वळतो. चुळबुळ करू नका! या मंडपामागं तुमच्या गावची शाळा आहे. येताना बघितली मी. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, निम्मी पोरं उचलून नेते. का? तर इकडं काही शिकवत नाहीत म्हणे. कोण म्हणतं? कुणी आत जाऊन बघितलं? पाव्हण्यांपुढं पोरगं इंग्रजीत गाणं म्हणालं की तिकडची शाळा चांगली. इथलं पोरगं गप्प बसलं की इकडची वाईट. आणि मग त्याच्यावर ओरडता. ओरडता ना? इख कुठवर चढलं असेल, कधी मोजलंत?

म्हणून आज शेवटाला गजर नको. टाळ खाली ठेवा. पखवाजावरचा हात काढा. उद्या सकाळी शाळेच्या दारात चपला काढून आत जायचं, तासभर नुसतं बसायचं, एवढं ज्याला कबूल असेल त्यानं डोळे उघडे ठेवून गप्प राहावं. एक्क्याण्णव आकडे मनात मोजा. मी पण मोजतो.

एक. दोन. तीन...