झुरळाला लाइक

अरे ऐक तर, आत्ताच केजमधल्या मामाच्या हाटेलातून आलो. तिथल्या मिसळीत झुरळ निघालं अन् गिऱ्हाईकानं त्याचा फोटो फेसबुकवर टाकला. मामा लई घाबरला. ओळखीच्या पोरांना फोन लावले, "हाटेलाचं नाव वाचवा रे!" पोरं कसली, पुढाऱ्याच्या फोटोखाली जयजयकार करून हात बसलेली. फोटो कुणी बघितलाच न्हाई, सगळ्यांनी लाइक ठोकून खाली लिहिलं, "एकच नंबर, मामा!" झालं, झुरळ तालुकाभर पोचलं.

मी म्हणलं, "मामा, माफी मागा, भटारखाना धुऊन काढा."

"गप बस! एवढे लाइक कधी भेटलते का आपल्याला?" असं म्हणून त्यानं मिसळीची प्लेट माझ्यापुढं सरकवली. "खा, अन् खातानाचा फोटो टाक."

सांग बे, तू काय केलं असतंस?