शेवटची सोळा पानं

नाही, तुम्हीच सांगा, चांगल्या शिवलेल्या पुस्तकाची शिवण उसवायची अवदसा मला का आठवावी? शिंपी माणूस मी, उसवायची खोड हाताला! आमच्या मुरुडच्या धर्माजी मास्तरांच्या कोकिळेला शाळेत कादंबरी बक्षीस मिळाली, ‘बंद कोठीची कडी’, वर ठळक छापलेलं, ‘शाळकरी मुलामुलींसाठी’... आणि टपलेले कोण? कोकिळा पंधराची, ते एक ठीक, पण तिचे वडील पन्नाशीचे, मी दोन नातवांचा आजा, आणि चौथा जैनुद्दीन, गलबतावरचा तांडेल! सगळ्यांनाच घाई, मग मी काय केलं? कातरी घेतली, सोळा-सोळा पानांचे चार भाग केले! एकाचा भाग वाचून झाला की दुसऱ्याला, आणि शनिवारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर खल. कोकिळेची एकच अट, ‘बाळाजीकाका, शेवट कुणी फोडायचा नाही हं!’

जैनुद्दीनला गलबत घेऊन मुंबईला जायचं होतं, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे. मी तिसऱ्या भागाच्या शेवटाला... भर दुपार, हेमा एकटी, कोठीचं दार बंद, आणि आतून कडी वाजते... संपला भाग! धावत गेलो बंदरावर. ‘अरे, आत कोण आहे?’ ‘बोलनार न्हाय, बाळाजीभाय. पन काय शेवट हाय! जीव थाऱ्यावर रहायचा न्हाय तुमचा!’ ‘मग सोळा पानं दे की!’ ‘आनिक येकदा वाचतो, येताना आनतो.’ आणि ठेवली पेटीत, गेला. तिसऱ्या दिवशी वादळ झालं. गलबत परत आलं नाही. नाही म्हणजे नाहीच आलं.

तेव्हापासून सांगतो तुम्हाला, कडी वाजते! जेवायला बसलो, कडी वाजते. काजं करायला घेतली, कडी वाजते. उठून बघतो तर ऊन आणि एक कुत्रं. परवा एका झंपराला तीन बाह्या लावल्या! बायको म्हणते, ‘कोण यायचं राहिलंय एवढं?’ मी म्हणतो, कुणी नाही, ती कादंबरीतली कडी. खोटं बोलतो हो. जैनुद्दीन अशीच कडी वाजवायचा, दोनदा, आणि दार उघडायच्या आत विचारायचा, ‘वाचलं काय?’

त्याच्या घरी भेटायला गेलो, म्हटलं दोन शब्द बोलावेत, आणि तोंडातून काय निघालं? ‘फिरोजा, ती सोळा पानं...’ लाज वाटली मला! त्याची बहीण ती, डोळे पुसत म्हणाली, ‘ती पन त्याच्याबरोबरच गेली, चाचा.’ घरी आलो, आणि कडी वाजते!

शनिवार चालूच होते. मास्तर चष्मा सावरून म्हणायचे, ‘माझ्या मते, आत तिचे परलोकवासी पिताश्री असावेत.’ कोकिळा म्हणायची, ‘भूतच!’ आणि जैनुद्दीनच्या जागेवर कुणी बसायचं नाही. मास्तर तर उभे राहायचे, पण तिथं बसायचे नाहीत.

शेवटी दिवाळीत कोकिळेच्या आत्यानं अलिबागहून अख्खी प्रत आणली. फिरोजालाही बोलावलं. कोकिळा वाचायला लागली, मास्तरांनी माझा हात धरला, हेमानं दार ढकललं, आणि आत... मांजर! पिल्लांसकट मांजर! कडीला लोंबकळत होतं म्हणे! पाच महिने झोप उडाली माझी, मांजरापायी?

मग फिरोजा हसली, हसता हसता रडली. म्हणाली, ‘मला सांगून गेला होता भाई. बोलला, बाळाजीभायचं तोंड बघायला मी मुद्दाम शनवारच्या आत परत येनार.’

बघा! म्हणजे लबाडाला सगळं ठाऊक होतं! एवढं हक्काचं भांडण हाताशी आलं आणि भांडायला माणूस नाही! मास्तरांशी भांडून बघितलं... पण मास्तर लगेच माफी मागतात हो.